तणसावरून काढलेला रस्ता

माझा डावा डोळा मोतीबिंदूने गेला, त्याला दोन-तीन दिवाळ्या झाल्या. उजवा अजून काम देतो. लोक हळहळतात. म्हणतात, बाबाजी, गोंदियाला डॉक्टर येतो, दाखवून घ्या. मी म्हणतो, कशाला? चित्र काढणाऱ्याला दुसरा डोळा मिटूनच घ्यावा लागतो. माझा आपोआप मिटला, तेवढी मेहनत वाचली. ते हसतात. त्यांना वाटतं म्हातारा गंमत करतो. गंमत करण्याइतका जोर माझ्यात आता राहिलेला नाही.

शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. तरी अक्षर माझं वळणदार आहे, कारण रेल्वेच्या डब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवण्यात जन्म गेला. पण डब्यावर चार अक्षरं घातली की काम संपतं; इथं पानं भरायची आहेत आणि मनगट दुखतं. कुठे चूक निघाली तर वाचणाऱ्याने आपली आपण दुरुस्त करून घ्यावी. मला सांगायला येऊ नये.

आमचं गाव कामठ्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. वडील भिंती रंगवत. लग्नघरी दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, वर मोर, मधे घोड्यावर बसलेला नवरदेव. गेरू, चुना, नीळ, काजळी आणि पिवळी माती, एवढ्यात त्यांचं सगळं जग मावायचं. आसपासच्या गावांत त्यांचा हत्ती लांबूनच ओळखू यायचा. हत्तीला ते माणसाचा डोळा काढत. त्यामुळे तो हत्ती दारात आलेल्याकडे बघतो, असं बायका म्हणायच्या.

त्यांचा नियम एकच होता. जो मोठा, तो मोठा काढायचा. राजा सगळ्यांत उंच, प्रधान राजाच्या खांद्याला, शिपाई प्रधानाच्या कमरेला. नवरदेव घोड्यापेक्षा मोठा. लहानपणी मी एकदा म्हणालो, घोड्याची पाठ मोडेल. तेव्हा थोबाडीत बसली होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, आणि सूर्य बुडाला की दंडार, म्हणजे आमचा नाच-गाण्याचा खेळ. तो सकाळपर्यंत चालतो. पूर्वी दंडारीला पडदा नसायचा. नागपूरची नाटकं पाहून आलेल्यांनी ते वेड आणलं. आमच्या गावच्या मालगुजाराने, म्हणजे गावाच्या मालकाने, कापड दिलं आणि वडिलांनी पडदा रंगवला. मधोमध रस्ता, दोन्हीकडे घरं, आणि रस्त्याच्या वरच्या टोकाला राजा. राजा घरांपेक्षा उंच, हे सांगायला नको. रस्ता खालपासून वरपर्यंत एकाच रुंदीचा होता.

पडदा लागला. मी आणि वडील मागे दोर धरून उभे. मालकाचा मुलगा तेव्हा नागपूरला शिकत होता, मंडईसाठी गावी आला होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "हा रस्ता आहे का ताडाचं झाड? याच्यावरून चालायचं का चढायचं?"

सगळी बांधी हसली. बांधी म्हणजे धानाचं शेत. कापणी झाली की तिथेच खेळ होतो. हसणाऱ्यांना त्याआधी त्या रस्त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. एकाने सांगितल्यावर दिसलं. आत येणाऱ्या प्रत्येक नटाला लोक ओरडून सांगू लागले, "सांभाळून उतर गा! पाय घसरन!" वडिलांनी दोर सोडला नाही. सकाळपर्यंत धरून ठेवला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणाले, "पुढल्या मंडईले नागपूरचा चितारी आणू. तुमचं वय झालं."

वडील टोपी सारखी करत होते. मी बोललो. "मालक, पडदा आमच्याच घरून जाईल."

"तुया बापाले येत नाही, तुले येते का?"

"आज नाही येत. मंडईपर्यंत येईल."

"नाही आला तं?"

"मग नागपूरचाच आणा. आणि तुमच्या वाड्याच्या भिंतीही त्यालाच द्या."

भिंतींचं मी कोणाला विचारून बोललो नव्हतो. मालकाच्या भिंती म्हणजे वडिलांचं नाव होतं. त्या गेल्या तर बाकीच्या गावांतही विचारणार कोण? घरी येईपर्यंत वडील पुढेच चालत होते. दारात चप्पल काढताना म्हणाले, "भिंत माही, आन पैज तुही." मग आत गेले.

गोंदियाला माझा मामा रेल्वेत होता, रंगाच्या टोळीत. सिग्नलचे खांब, फाटकं, पाण्याची टाकी, डबे, जे रंगवायचं ते ही टोळी रंगवायची. मामाने मला लावून घेतलं. दिवसभर लाल आणि पांढरा रंग. त्या रंगाच्या वासाने डोकं असं चढायचं की रात्री भात खाली उतरत नसे. रूळ पुढे जाऊन एकमेकांना मिळतात हे मी रोज बघत होतो. पण खरं सांगतो, मला ते दिसलं नव्हतं. पायाखाली जे असतं ते कोणी दाखवल्याशिवाय माझ्यासारख्याला दिसत नाही.

रंगाच्या कोठीला लागून नक्शे काढणाऱ्या बाबूची खोली होती. उत्तरेकडचे गृहस्थ. उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. एकदा मी रंगाचा डबा ठेवायला गेलो तर त्यांच्या टेबलावर एका नाल्यावरच्या पुलाचा कागद होता. बाकीचे नक्शे नुसत्या रेघा असत. हा पूल कागदाच्या आत चालला होता. मी बोट लावून बघितलं. कागद सपाटच होता, आणि पुलाच्या मधोमध माझं लाल बोट उमटलं.

"किसने उंगली लगाई?" बाबू दारातून ओरडले.

"मैंने."

"क्यों?"

"देख रहा था, गड्ढा है क्या."

ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि पाणी प्यावं लागलं. मग मी सगळं सांगितलं, ताडाचं झाडसुद्धा. ते म्हणाले, शिकवीन, पण माझ्या बायकोला दारावर काहीतरी शुभ काढून हवं आहे, मुलीचं लग्न आहे. मला पूल येतात, मोर येत नाहीत. मी हत्ती आणि मोर काढून दिले, वडिलांच्या हाताचे. हत्तीला माणसाचा डोळा. म्हणजे माझ्या शिकण्याचा मोबदला वडिलांच्या हत्तीनेच दिला. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शिकण्यात मजा असते असं म्हणतात. मला आली नाही. काम सुटल्यावर अंग दुखत असायचं आणि बाबू मला रंगाच्या पालथ्या डब्यावर बसवायचे, खिडकीच्या काचेसमोर. हनुवटी एका काठीवर टेकवायची. एक डोळा मिटायचा. हलायचं नाही. काचेतून बाहेरचा मालधक्का दिसायचा, त्याचे खांब एका ओळीत. हातात कुंचला आणि ओला चुना. जिथे जे दिसतं तिथेच काचेवर रेघ मारायची.

मी मारली. पहिला खांब वीतभर आला, शेवटचा नखाएवढा.

"बाबूजी, काच खोटी है," मी म्हणालो.

"क्या?"

"खांब सब बराबर है. काच छोटा दिखाता है."

"तो जाओ, नाप के आओ."

मी खरंच गेलो. सुतळी घेऊन पहिला खांब मोजला, मग शेवटचा. हमाल बघत होते; एकाने विचारलं, "काय गा, खांब इकत घेऊन राहिला का?" खांब सारखेच निघाले. मी धावत परत आलो, बसलो, डोळा मिटला, तर शेवटचा खांब पुन्हा नखाएवढा. मी काच पुसली आणि खिडकी उघडी ठेवून बघितलं, तरी तेवढाच. तेव्हा मला राग आला. खांबाचा नाही, काचेचाही नाही. एवढी वर्षं हे डोळे मला नखाएवढाच खांब दाखवत होते आणि मीच तो पुरा मानून चाललो होतो.

बाबू म्हणाले, "दूर का छोटा. इसमें छोटे-बड़े आदमी की बात नहीं है. पास है तो बड़ा, दूर है तो छोटा, बस."

दुसरी गोष्ट त्यांनी नंतर शिकवली, आणि तीच मला पुढे नडली. मी डब्यावर बसलो असताना त्यांनी मला उभं केलं. काचेवर काढलेलं सगळं चुकलं. धक्क्याची वरची बाजू बसल्यावर दिसत नव्हती, उभं राहिल्यावर दिसू लागली. "आँख उठी, तो लकीर उठी," ते म्हणाले. प्रत्येक चित्रात बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेघ असते; ती दिसो न दिसो. त्या रेघेवर, बघणाऱ्याच्या बरोबर समोर, एक बिंदू. आत जाणाऱ्या सगळ्या कडा त्या बिंदूकडे जातात. मोठ्या कामाला त्यांनी युक्ती सांगितली: त्या बिंदूवर खिळा ठोकायचा, खिळ्याला सूत बांधायचं, सुताला गेरू लावायचा. सूत ताणून जिथे उडवाल तिथे रेघ बरोबरच येते.

"और आँख किसकी लेनी है?" मी विचारलं.

"वो पहले तय करो. सबकी नहीं ले सकते."

पावसाळा सरला, हलकं धान कापणीला आलं, तेव्हा मी गावी परतलो. मालकाचं रिकामं कोठार मिळालं. मांजरपाटाचे पट्टे शिवून घेतले, तांदळाची खळ लावून ताणले आणि लाकडी भिंतीवर ठोकले. वडील रोज येत. दारात उकिडवे बसत, दोन्ही हात काठीवर.

मी कच्च्या रेघा मारल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हे घर मोठं, ते घर लहान. त्या लहान घरी कोन रायते? भिकारी?"

"ते घरही एवढंच मोठं आहे, बाबा. दूर आहे."

"दूर आहे म्हनून त्याचं छप्पर कापशील?"

"तसंच दिसतं."

"आन मालक त्या टोकावर उभा रायला तं?"

"तर मुंगीएवढा काढीन."

"मंग तू उपाशी मरशील," ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

मी त्यांना समजावलं. काठीवर हनुवटी टेकवा, एक डोळा मिटा, एका जागी बसून बघा. ते उठूनच उभे राहिले. "देवानं दोन डोरे देल्ले आन तू एक बुजवाले सांगून रायला? मी का काना आहो?" दारातून जाताना म्हणाले, "माह्या हत्तीनं कोनाले कधी सांगतलं का, इथं बस, तिथं बस म्हनून?"

मी कच्च्या रेघा मारत राहिलो.

आता ती डोळ्याची गोष्ट. आमच्याकडे खेळाची जागा कशी करतात ते सांगतो. बांधीच्या मधली माती खणून एका बाजूला टाकतात. त्या मातीचा ओटा होतो, त्यावर नट. जिथून माती काढली तिथे खड्डा होतो. त्यात धानाचं तणस, म्हणजे पेंढा, पसरतात आणि गाव त्या तणसावर बसतं. मालक मात्र समोरच्या उंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाज टाकून बसत. त्यांच्या वडिलांपासून तसंच चालत आलं होतं.

म्हणजे डोळे दोन उंचींवर. मालकाचा डोळा ओट्याच्या बराच वर, गावाचा डोळा ओट्याच्या काठाला. मालकासाठी रेघ धरली तर खड्ड्यातल्यांना रस्ता पुन्हा चढावरच दिसणार. गावासाठी धरली तर मालकाला भलतंच दिसणार. बाबूंनी सांगितलंच होतं, सगळ्यांचा डोळा घेता येत नाही.

मालक एकदा कोठारात येऊन गेले. म्हणाले, "बाजेवरून नीट दिसलं पाहिजे." मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हणालो असं नाही. ऐकलं, एवढंच.

कोणाचा डोळा घ्यायचा ते त्या रात्री मी ठरवलं नाही, ठरलेलंच होतं. यंदा पडदा वडिलांचा नव्हता, म्हणून ते मागे दोर धरायला येणार नव्हते. ते गावाबरोबर तणसावर बसणार होते. आणि हा सगळा खटाटोप मालकाच्या मुलाला दाखवायला केला, असं मी सगळ्यांना सांगत होतो, तरी खरं तसं नव्हतं. त्या रस्त्याला सगळी बांधी हसली तेव्हा दोर धरून जो उभा होता, त्याला मला रस्ता आडवा पडलेला दाखवायचा होता.

मी बांधीत गेलो, खणणाऱ्यांच्या मधे तणस टाकून बसलो, आणि समोर पडद्याच्या जागी एकाला बांबू उभा धरायला लावला. माझ्या डोळ्याची रेघ ओट्याच्या काठाखाली जात होती.

"ओटा हातभर कमी करा," मी म्हणालो.

"कायले?"

"रस्ता बुडून राहिला."

"आन मागच्याले का दिसन? पुढच्याची टोपी?" एक जण कुदळ टेकून म्हणाला. "तू रंग मार गा. माती आमाले कराले दे."

भांडून भांडून त्यांनी ओटा वीत-दीड वीत उतरवला. माझी रेघ काठाच्या थोडी वर आली. तेवढं मला पुरलं. कोठारात जाऊन मी पडद्याच्या अगदी खालच्या बाजूला, मधोमध, खिळा ठोकला. रस्ता बुटका आला, घरं दोन्ही बाजूंना उंच, आणि वर आभाळच आभाळ. नीळ संपली, दुसऱ्यांदा आणावी लागली. टोकाला राजा काढला नाही. कोणालाच काढलं नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी पडदा चढवला. खिळा काढला तिथे कापडाला भोक राहिलं होतं; त्यावर पिवळी माती फासली. उन्हं उतरली तशी मालकाची बाज धुऱ्यावर आली, मालक बसले, मुलगा शेजारी उभा. वडील खाली एका बाजूला उभे होते.

मुलाने डोकं एकीकडे कलवलं. "मागच्या वर्षी चढाव होता," तो म्हणाला, "यंदा उतार आहे."

मालक बराच वेळ बघत होते. "रस्ता खड्ड्यात चालला ना," ते म्हणाले.

"मालक, खाली या," मी म्हणालो. "तिथं मधोमध तणसावर बसा. एक डोळा मिटा. मग बघा."

बाजार आवरणारे लोक थांबले.

"म्या? तनसावर?"

"चित्र तिथूनच काढलं आहे."

"गाव माहं, बांधी माही, कापड माहं," मालक सावकाश म्हणाले, "आन चित्र तनसावरून?"

इथे मला माफी मागता आली असती. लोकांनी पुढे कितीदा तरी सांगितलं, बावा, दोन शब्द बोलला असतास तर काय झालं असतं. पण चित्र बरोबर होतं. बरोबर चित्राची माफी कशी मागायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि आजही येत नाही. मी म्हणालो, "दोन मिनिटं बसून तर बघा." मालकांनी मुलाकडे बघितलं. "पुढल्या वर्षी नागपूरचा आनजो," ते म्हणाले. झालं. पैज संपली. भिंतीही गेल्या.

वडील माझ्याजवळ आले. मला वाटलं, मारतात. ते म्हणाले, "एकाच जागेवरून दिसते असं चित्र. मानूस हालला का मोडलं. माहा हत्ती कोठूनबी हत्ती." मग पडद्याकडे हात केला. "जाय. दोर धर. आता तुहा आहे तो."

मी मागे गेलो. टेंभे पेटले, बाहेर गाव बसू लागलं. मागे नटांची तयारी चालली होती. बाईचं काम करणारा एक होता, तोंडाला गुलाबी मुरदाडशिंग फासलेलं, लुगड्याचा काष्टा अजून घालायचा होता. तो पडद्याशी वाकून काहीतरी करत होता. बघतो तर त्याने माझी पिवळी माती नखाने खरवडली होती आणि खिळ्याच्या भोकाला डोळा लावला होता.

"का करून रायला बे?" मी विचारलं.

"सासरा आला का पायतो. त्यानं मले लुगड्यात पायलं तं बायको धाडनार नाही."

"सरक तिकडे! बोट घालून मोठं केलंस ना भोक!"

"तूच ठेवलं ना गा? मले वाटलं पायालेच ठेवलं."

त्याला ढकललं आणि भोक कितपत फाटलं ते बघायला वाकलो. जवळ आलो तसा माझाही डोळा त्याला लागला.

बाबूंनी मला सगळं शिकवलं होतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. बिंदू बघणाऱ्याच्या बरोबर समोर असतो. म्हणजे बिंदूतून उलट बघितलं तर बघणारा बरोबर समोर सापडतो. बांधीत सगळं गाव हलत होतं, पोरं ओरडत होती, बायका जागा धरत होत्या. आणि भोकाच्या नीट समोर, तणसावर, मी जिथे बसून बांबू धरायला लावला होता तिथेच, वडील बसले होते. हनुवटी काठीवर टेकवलेली. डावा तळहात डाव्या डोळ्यावर.

मागून कोणीतरी म्हणत होतं, "बाबाजी, थोडे सरका ना."

"नाही सरकत."

"डोरा दुखून रायला का?"

"तुले का करायचं? बस."

सूत्रधाराने मला हाक मारली. मी दोर धरला. पुन्हा भोकाशी गेलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. हात दमला आहे. दुसऱ्या वर्षी नागपूरचा पडदा आला. त्यात राजवाडा होता, कारंजं होतं. त्याची रेघ मालकाच्या बाजेच्या उंचीवर बरोबर धरलेली होती. चितारी आपल्या कामात पक्का होता, त्याचं वाईट मी बोलणार नाही. तणसावरून कारंजं डोक्यावर सांडतं की काय असं वाटायचं, पण लोकांना ते आवडलं. मालकाच्या मुलीच्या लग्नात भिंतीही त्यानेच केल्या. हत्ती हुबेहूब हत्तीसारखे, हत्तीचाच डोळा. बायका म्हणाल्या, बघत नाहीत हे. बाकी गावांनी वडिलांना सोडलं नाही. मरेपर्यंत ते हत्ती काढत होते. मी मात्र गोंदियाला परत गेलो आणि डब्यांवर अक्षरं काढली. अक्षरांना डोळ्याची रेघ लागत नाही. माझा पडदा देवरीकडच्या एका दंडारीच्या मंडळीने नेला, तिथे बरीच वर्षं चालला. परवाच्या लढाईत कापड मिळेनासं झालं तेव्हा बायकांनी त्याच्या पिशव्या शिवल्या असं ऐकलं. शिवल्या असतील. मांजरपाट चांगला होता.

त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

दंडार संपली तेव्हा उजाडलं होतं. मी पडदा गुंडाळत होतो. वडील खड्ड्यातून वर आले, केसांत तणस, मान एका बाजूला धरलेली.

"काय झालं?"

"मान आखडली."

"काऊन?"

"तनस वलं होतं."

घरी आलो. मी तेल कोमट केलं आणि त्यांच्या मागे बसून मान चोळू लागलो. त्यांनी डोळे मिटले होते, दोन्ही. मला वाटलं झोपले.

"ते शेवटचं घर," ते म्हणाले, "उजव्या अंगाचं, लहानसं."

"हं."

"त्याचं दार अर्धं उघडं ठेवलं ना तू."

मी हात थांबवला. शेवटच्या घरांना मी दारं काढलीच नव्हती. नखाएवढी भिंत, तिच्यावर पिवळ्या मातीचा एक हात, बस.

"त्याले दार नाही, बाबा. दूर आहे ते. दिसत नाही म्हणून काढलं नाही."

"दिसते," ते म्हणाले. "चोळ. थांबू नको."